करंजावरून आलेलं पाणी

पौष लागला की आमच्या अग्रहारात, म्हणजे आमच्या या आळीत, घरोघरी पायऱ्यांवर पांढरे तीळ वाळत पडतात. शेजारी सुपात खोबऱ्याचे नखाएवढे तुकडे, गुळाचे खडे, भाजलेले शेंगदाणे, डाळं. इथं म्हैसुरात संक्रांतीला तिळाचे लाडू वळत नाहीत. सगळं बारीक कातरून एकत्र करतात, त्याला एळ्ळू-बेल्ल म्हणतात. आमचे पूर्वज घोडदळातून इकडं आले, इथलेच झाले, आणि त्यांच्या बायकांनी हेही कधीतरी आपलं करून टाकलं. सकाळी गल्लीतून चाललं की एकाच वेळी दोन वास येतात, भाजल्या तिळाचा आणि उसाच्या चिपाडांचा. गाड्यांतून भाताची पोती येतात, त्यांच्यामागं पेंढ्याची ओळ रस्त्यावर सांडत जाते. या दिवसांना इथं सुग्गी म्हणतात. पीक घरी येण्याचे दिवस.

यंदा आमच्या पायरीवर तीळ नाहीत. आषाढात आमचे यजमान गेले. वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही. त्याचं मला काही वाटत नाही, पण माझी सून सुमती दिवसभर माझ्याकडं चोरून बघत असते. हे गेल्यापासून मी रडलेली नाही. नीट जेवते, नीट झोपते, नातवंडांची वेणीफणी करते, आणि त्याचीच तिला धास्ती वाटते. परवा तिनं धीर करून विचारलं, आत साठवून ठेवलेलं एकदम बाहेर आलं तर काय करायचं. मी तिला म्हटलं, येईल तेव्हा येऊ दे, त्याला त्याची वाट माहीत असते. तिला ते पटलं नाही. मग दोन दिवस दुपारी तिच्याजवळ बसून मी माझ्या आईची ती एक सुग्गी सांगितली. तेच इथं लिहून ठेवते.

माझा भाऊ गणू अकरा महिन्यांचा होऊन गेला. मी तेव्हा सात वर्षांची होते. शहरात प्लेगची साथ होती. घराघरांतून उंदीर पडू लागले की लोक कुलपं लावून बाहेर पडत, कोणी माळावर झोपड्या बांधत, कोणी खेड्यावर जात. आमच्या आजोबांना कामगिरीबद्दल मिळालेली थोडी जमीन होती, कावेरीच्या काठी, कन्नंबाडीच्याही पलीकडं. वडील, म्हणजे आप्पा, राजाच्या घोडदळात दफेदार होते. त्यांनी आईला, मला आणि गणूला बैलगाडीतून तिथं पोचवलं आणि ते पथकात परतले.

शेतात नारळाच्या झावळ्यांची खोप होती. मला ते दिवस सुखाचे आठवतात, हे सांगायला आता लाज वाटत नाही. खोपीत सकाळचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी यायचं. गणू त्या उन्हाचे पट्टे मुठीत धरायला बघायचा, मूठ उघडायचा आणि रिकामी बघून पुन्हा धरायचा. तो रांगायला तिथंच शिकला. त्याचे गुडघे सदा मातीनं लाल असायचे. आमची जमीन अर्धेलीनं करणारे निंगेगौडा म्हणून म्हातारे शेतकरी होते, ते त्याला खांद्यावर घेऊन बैल दाखवायचे. ज्या प्लेगला भिऊन आम्ही पळालो तो तिकडं आलाच नाही. साधा ताप आला. तीन दिवस राहिला, आणि चौथ्या दिवशी पहाटे गणू गेला.

इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. निरोप मिळताच आप्पा घोड्यावरून आले. बांधावर एक मोठा करंज होता, होंगे म्हणतात इकडं, त्याच्या सावलीत त्यांनी स्वतः खड्डा खणला. बायकांनी जायचं नसतं, म्हणून आई खोपीच्या दारात उभी होती. ती रडली नाही. आप्पा परत आले तेव्हा तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि नखांत अडकलेली माती निघेपर्यंत घालत राहिली.

साथ ओसरल्यावर आम्ही अग्रहारात परत आलो. आई चार दिवसांत कामाला लागली. तिचं सारवण पूर्वीसारखंच लख्ख, भाकरी पूर्वीसारखीच गोल. शेजारणी म्हणायच्या, किती धीराची बाई. आप्पांची विधवा बहीण, आमची आत्या, आमच्याकडंच राहायची. ती काही म्हणायची नाही. फक्त आईच्या ताटात आईच्या नकळत एक घास जास्त वाढायची. आई जेवताना बोलायची नाही, आणि पूर्वी तर ती जेवताना इतकं बोलायची की आत्याला हाताची खूण करून तिला थांबवावं लागे.

दर अमावास्येला ती गाडी जुंपायला लावायची. लहानशा तांब्यात दूध, त्यावर केळीचं पान बांधलेलं. मी बरोबर असे. करंजाखाली ती दूध ओतायची, पडलेली पानं हातानं बाजूला करायची आणि बसायची. ऊन सरकून आपल्या पायांवर आलं की उठायची. कुणीतरी तिथं नदीतले गोल दगड आणून चौकटीसारखे लावले होते. आम्हाला वाटे, निंगेगौडांनीच लावले असणार. आप्पा कधी आमच्याबरोबर आले नाहीत. गणूचं नाव त्यांनी घरात कधी घेतलं नाही. पहाटे उठून तबेल्यात जायचे, घोड्याला खरारा करायचे, कवायत करून यायचे, पगडी खुंटीला लावायचे. मला वाटायचं, पुरुष विसरतात. आईलाही तसंच वाटत असणार. त्या वर्षांत दोघं एकमेकांशी फार अदबीनं वागायची, घरात पाहुणे असल्यासारखी.

मग कट्ट्याच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. कट्टे म्हणजे धरण. कन्नंबाडीला कावेरी अडवणार, केवढं तरी पाणी साठवणार, कोरडी रानं भिजवणार. अग्रहारात ओट्याओट्यावर तेच बोलणं. लोक हात पसरून भिंतीची लांबी दाखवायचे. आई ते बोलणं निघालं की उठून आत जायची. तो शब्दसुद्धा तिनं तोंडातून काढला नाही. आप्पांनी एका सकाळी, पगडी बांधता बांधता, भिंतीकडं तोंड करून सांगितलं की आपली जमीन बुडितात जाते आहे, बदली बेळगोळच्या अंगाला मिळेल, कालव्याकाठी, चांगली आहे. आई चूल फुंकत होती. ती फुंकतच राहिली. राख उडून तिच्या केसांवर बसली, तरी थांबली नाही.

त्यानंतरच्या एका अमावास्येला आम्ही गेलो तेव्हा करंजाच्या खोडाशी एक तरुण ओव्हरसियर उभा होता. बरोबर दोन माणसं, एक दुर्बीण, रंगवलेली लांब पट्टी. पाणी कुठवर येईल त्याच्या खुणा ते करत होते. आईच्या हातातला तांब्या आणि दगडांची चौकट बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. आईनं त्याला सरळ विचारलं, इथं पाणी किती चढेल. त्यानं वही उघडली, खाली वाकून जमीन बघितली, आणि म्हणाला, या जागेवर सहा पुरुष आणि वर एक हात. आई म्हणाली, बरं. परतताना गाडीत ती मला म्हणाली की माणूस चांगला होता. मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटत नाही. बाकी सगळ्यांनी तिला धीर दिला होता, या माणसानं तिला माप दिलं. पुढं काय होणार ते नक्की किती आहे, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

वैशाखात शेताजवळचं गाव, निंगेगौडांचं, उठू लागलं. घरांची दारं, तुळया, जातं, पाळणे, सगळं गाड्यांवर. ग्रामदेवतेची मूर्ती वाजतगाजत नव्या वस्तीला निघाली. भिंती उघड्या पडल्या तेव्हा कळलं की कुणाच्या स्वयंपाकघरात कुठं धूर बसला होता. करंज मात्र फुलला होता. झाडाखाली फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा जाड थर, पाऊल टाकलं की पायाखाली मऊ लागायचा.

आईनं ठरवलं होतं, गणूला घेऊन जायचं. तसं तिनं आप्पांना सांगितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आप्पा आमच्याबरोबर गाडीत बसले. त्यांच्याजवळ कुदळ होती, आईच्या मांडीवर नवी वेताची टोपली. मी बारा वर्षांची होते, टोपलीकडं बघायचं टाळत होते. तिथं पोचल्यावर आप्पांनी कुदळ उचलली, आणि ती वरच राहिली. घोड्यावर भाला पेलणारा माणूस तो.

निंगेगौडा शेवटची गाडी भरत होते. ते आले आणि आईला म्हणाले, "मगू अल्ले मलगिदे, बिडी अव्वा." लेकरू तिथं झोपलंय, असू द्या. मग आप्पांकडं हात करून त्यांनी सांगितलं की दफेदारांनी हे दगड एकेक करून नदीतून आणून लावलेत, दर पौर्णिमेला येतात, रातोरात परत जातात, कुणाला सांगू नको म्हणाले होते.

आई आप्पांकडं बघत राहिली. आप्पांनी कुदळ खाली ठेवली. म्हणाले, "तू अमावास्येला यायचीस. म्हणून मी पौर्णिमा घेतली."

"मला सांगायचं नाही?"

"मी इथं कसा बसतो ते तू बघितलं असतंस, तर तू उभी राहिली नसतीस. मला तुला उभं ठेवायचं होतं."

आईनं खाली बसून हातानंच वरची माती टोपलीत ओढायला सुरुवात केली, फुलांसकट. टोपली अर्धी भरली. मग ती थांबली. बराच वेळ त्या मातीत हात घालून बसली. आणि तिनं टोपली उचलून सगळी माती परत जागच्या जागी ओतली, तळहातानं सारखी केली.

"अर्धा इथं, अर्धा तिथं, असं नको करायला," ती म्हणाली. "सगळाच राहू दे."

आप्पा तिच्याशेजारी मातीत बसले. दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते. रिकामी टोपली घेऊन मी गाडीजवळ उभी राहिले, कुणी बोलवेपर्यंत.

श्रावणात पाणी आलं. पाणी असं येतं हे मला माहीत नव्हतं. आवाज नाही, लाट नाही. आधी गाडीच्या चाकोऱ्या भरल्या, मग बैलांच्या खुरांचे ठसे, मग बांध. आम्ही दूरच्या उंचवट्यावरून बघत होतो. वारुळांतून मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या होत्या. पहिल्या खेपेला करंज गुडघाभर पाण्यात होता. दुसऱ्या खेपेला गळ्यापर्यंत, आणि वर बगळे बसले होते. तिसऱ्या खेपेला तिथं नुसतं तांबूस सपाट पाणी, त्यावर काड्या आणि फेस. आईनं विचारलं, किती झालं असेल. आप्पा म्हणाले, सहा पुरुष. आणि वरचा हात, ती म्हणाली. तोही, आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर ती चुलीपाशी गेली, पीठ मळायला घेतलं आणि पिठाच्या हातांनीच भिंतीला टेकून रडायला लागली. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरून आत्याला बोलावलं. आत्यानं तिच्यापुढची परात उचलली आणि मला बाहेर आणून म्हणाली, "रडू दे. पाच वर्षांचं आहे, एका दिवसात संपायचं नाही." वीस-बावीस दिवस ते चाललं. स्वयंपाक आत्यानं केला. आप्पा कवायतीहून आले की आईजवळ बसत. कधी तेही रडत, कधी नुसते तिचे पाय चेपत. शेजारणी म्हणू लागल्या, इतकी धीराची बाई, आता हे काय झालं. पण घरातला तो पाहुण्यांसारखा अदबशीरपणा गेला होता. एका दुपारी आईनं आत्याला हाक मारून सांगितलं की आमटीत मीठ कमी आहे, चारचार दिवस कमीच असतं, आणि तिला स्वयंपाक कधी जमलाच नाही. आत्या पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

मी सुमतीला म्हटलं, हे लक्षात ठेव. तो धीर म्हणजे दुखणं होतं, आणि ते रडणं म्हणजे उतार होता. बाहेरून नेमकं उलटं दिसतं. आणि त्या वीस दिवसांनंतर आई पूर्वीसारखी झाली असंही नाही. ती अधूनमधून रडायची, मध्येच चिडायची, एखाद्या आठवड्यात पुन्हा गप्प. दुःख काही जिन्यासारखं पायरी-पायरीनं उतरत नाही. आमच्या आईचं तर ते घरात वावरायचं, कधी ओसरीवर, कधी माजघरात. फक्त आता त्याला दार उघडं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही बेळगोळच्या अंगाला नव्या जमिनीत भात लावला. निंगेगौडाही तिथंच आले, त्यांच्या गावची आणखी काही घरंही. आप्पांची नोकरी संपली होती. त्यांनी पगडी काढून डोक्याला मुंडासं बांधलं. लावणी झाली आणि पाऊस गेला. भाद्रपद आला तरी आभाळ कोरडं. शेजारून जाणारा जुना कालवा तळापर्यंत सुकला, त्यात पोरं लपंडाव खेळू लागली. रोपांची टोकं पिवळी पडली. चिखलाला भेगा पडल्या, त्यांत माझं अख्खं बोट जायचं. निंगेगौडा म्हणाले की अशा वर्षी आमचे बाप बी वाया गेलं समजून गुरं सोडायचे. आईनं सगळं नव्यानं मांडलं होतं, खोप, चूल, गोठा, आणि आता हेही जाणार या विचारानं तिचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा बंद होऊ लागला. आत्या मला हळूच म्हणाली, बाई, हिला एवढं तरी लाभू दे.

एका सकाळी वरून निरोप आला की कट्ट्याचं पाणी कालव्यात सोडलंय. सगळी वस्ती काठावर येऊन उभी राहिली. आधी काहीच दिसेना. मग कोरड्या तळाशी पाला सरसरल्यासारखा आवाज आला, आणि वळणावरून तांबूस पाण्याची एक जीभ पुढं आली, पेंढ्या, काड्या, फेस ढकलत. कुठं दडले होते कोण जाणे, बेडूक उड्या मारत पुढं पळाले. पाणी आमच्यासमोर येऊन रुंद झालं, वाढलं, वाहू लागलं. आप्पांनी बांध फोडला. भेगांनी ते पाणी असं ओढून घेतलं की घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

आई मागं उभी होती. ती पुढं आली, लुगडं वर खोचून कालव्यात उतरली आणि पोटऱ्यांपर्यंत पाण्यात थांबली. मला वाटलं, ती पडणार. मी तिचा हात धरायला खाली गेले.

"चंद्रा," ती मला म्हणाली, "हे पाणी त्याच्यावरून आलंय गं."

तिनं दोन्ही हातांनी ते पाणी घेऊन तोंडावर मारलं, केसांवर मारलं. मग आप्पांच्या हातातली कुदळ घेतली आणि पुढचा बांध तिनंच फोडला. त्याच्या पुढचाही. त्या दिवशी शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत ती पाण्यापुढं चालत गेली, आणि संध्याकाळी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. त्यानंतर घरात ती खुशाल कट्टे म्हणू लागली, कट्ट्यात पाणी किती आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, जसं माहेरच्या माणसाची खुशाली विचारावी.

आणि मग ती सुग्गी. पौषातलं ते ऊन मला अजून अंगावर जाणवतं. खळं शेणानं सारवून गुळगुळीत केलेलं, मधे भाताची रास माझ्या डोक्याहून उंच. उफणताना उडालेला भुसा सगळ्यांच्या पापण्यांवर, आप्पांच्या मिशांवर. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. मोडून गेलेल्या गावातली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलताना मी ऐकली. बायका एळ्ळू-बेल्ल वाटत होत्या, उसाचे कांडे मोडत होत्या.

आई बोरांचं एक पोतंच घेऊन आली. आत्यानं विचारलं, एवढी बोरं कशाला.

"वन्सं, गणूचं बोरन्हाण राहिलंय," आई म्हणाली.

बोरन्हाण आमच्यातही करतात आणि इकडच्या लोकांतही, लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओततात, आणि भोवतालची पोरं ती लुटतात. गणू पहिल्या संक्रांतीला दोन महिन्यांचा होता, मान धरत नव्हता, म्हणून आईनं ते पुढच्या वर्षावर टाकलं होतं. पुढची संक्रांत त्याला दिसली नाही. हे मला त्या क्षणी कळलं. आत्याला माहीत होतं, तिचे डोळे भरले.

आईचे नव्हते भरले. तिनं खळ्यावर घोंगडी अंथरली आणि निंगेगौडांच्या सुनेच्या कडेवरून तिचा मुलगा घेऊन मधे बसवला. मग त्याच्या शेजारी दुसऱ्या घरची मुलगी. मग आणखी एक. वस्तीत त्या दोन वर्षांत घरं मोडली, बांधली, पण मुलांचं कौतुक करायला कुणाला सवड झाली नव्हती. बघता बघता घोंगडीवर नऊ मुलं झाली, कुणी हसतंय, कुणी ओठ काढून रडायच्या बेतात. आईनं भाताचं मापटं बोरांनी भरलं आणि ओळीनं सगळ्यांच्या डोक्यांवर ओतलं. बोरं टपटप उडाली, घरंगळली, भाताच्या राशीपर्यंत गेली. मोठी पोरं तुटून पडली. सगळ्यात लहान मुलीला एकही मिळेना, तेव्हा आमचे आप्पा, तबेल्यात कुणापुढं न वाकलेले दफेदार, गुडघ्यांवर खाली बसले, पोरांच्या गर्दीत घुसून दोन्ही मुठी भरून आले आणि तिच्या ओच्यात टाकल्या. आई ते बघून हसली. तोंडावर पदर न घेता, मान मागं टाकून, इतकी मोठ्यानं की बैलांनी कान हलवले.

मग तिनं रिकामं मापटं पुन्हा पोत्यात बुडवलं, काठोकाठ भरलं, आणि ते डोक्याच्याही वर धरून वस्तीभर ऐकू जाईल असं कन्नडमधून विचारलं, अजून कुणाचं राहिलंय का. झोपड्यांची दारं उघडली. तेलानं माखलेली, अर्धवट झोपेतली, उघडीनागडी बाळं कडेवर घेऊन बायका एकामागून एक खळ्याकडं येऊ लागल्या, आणि आई प्रत्येकीला घोंगडीवर जागा करून देत होती.